झाडाच्या वलयांवरून हजार वर्षांपूर्वीचं तापमान खरंच कळतं का?

मोजपट्टी:

वादळात उन्मळलेल्या एका जुन्या झाडाच्या बुंध्याची चकती माझ्या हाती आली. पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली, भिंग लावलं आणि गाभ्यापासून सालीपर्यंत वलयं मोजली. एका बाजूनं ११२ भरली, दुसऱ्या बाजूनं १०९. तीनदा मोजली, आकडे तेच. मग ११२ वाली बाजू स्कॅन करून प्रत्येक वलयाची रुंदी काढली आणि हवामान केंद्राच्या नोंदींतल्या वार्षिक सरासरी तापमानाशी ताडून पाहिली. सहसंबंध आला ०.०८, म्हणजे नसल्यातच जमा. पावसाशी मात्र ०.३ च्या आसपास.

मी संख्याशास्त्र शिकवतो. मान, ब्रॅडली आणि ह्यूज या शास्त्रज्ञांचा १९९९ सालचा हजार वर्षांच्या तापमानाचा आलेख वर्गात दाखवायचा होता, पण ही चकती समोर आल्यापासून अडलो आहे. झाड पाण्यावर वाढतं, उजेडावर वाढतं, शेजारचं झाड पडून जागा मोकळी झाली की वाढतं, कीड लागली की खुंटतं. या गुंत्यातून एकट्या तापमानाचा धागा सुटा कसा करतात? दुसरं म्हणजे, तापमानाशी जुळणारी झाडं तेवढी ठेवायची आणि बाकीची बाजूला सारायची, असं होत असेल तर ते आधी निकाल लिहून मग साक्षीदार गोळा करण्यासारखं झालं. मला कुणाला खोटं पाडायचं नाही. मुलांसमोर उभं राहून जे सांगेन ते मला स्वतःला पटलेलं हवं, एवढंच.

रंधा:

तापमानाचं मला कळत नाही, लाकडाचं कळतं. चकतीचा गाभा मधोमध आहे की एका अंगाला सरकलाय? उतारावरचं किंवा कललेलं झाड एका बाजूनं जास्त लाकूड घालतं. सूचिपर्णी झाड कलाच्या खालच्या अंगाला जाड होतं, रुंद पानांची झाडं बहुतेक वरच्या अंगाला. तुम्ही मोजलेली बाजू तशी असेल तर ती रुंदी हवामानाची नाही, झाडानं स्वतःला सावरल्याची आहे. दोन बाजूंची सरासरी तरी घ्या.

काष्ठरेषा:

मोजपट्टी, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. एका बाजूनं ११२, दुसऱ्या बाजूनं १०९. मी तिथूनच सुरुवात करते.

मी अकरा वर्षं वृक्षवलयांच्या एका प्रयोगशाळेत काम केलं. निष्कर्ष काढणं माझ्याकडे नव्हतं. नमुने चिकटवणं, घासणं आणि मोजणं, हे माझं काम. नमुना म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक, पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची काडी. पोकळ गिरमिटानं छातीच्या उंचीवर झाडाला भोक पाडून ती काढतात. झाड जिवंतच राहतं. एका झाडाच्या दोन काड्या, एका जागेची वीस-पंचवीस तरी झाडं. खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत काडी बसवायची, तंतू उभे राहतील अशी, आणि आधी जाड मग बारीक असा पॉलिश पेपर फिरवत राहायचं. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी सुटी दिसली की घासणं थांबवायचं. त्यानंतर मोजणी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.

आता ११२ आणि १०९. फार वाईट वर्षी झाड बुंध्याच्या सगळ्या बाजूंना लाकूड घालतच नाही. वर शेंड्याकडे वलय होतं, खाली अर्ध्या घेरातच होतं. उलट, हंगामाच्या मध्येच ताण पडून पुन्हा वाढ सुरू झाली तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून वलयं मोजली म्हणजे वर्षं मोजली असं होत नाही. कुठलं वलय कुठल्या वर्षाचं, हे एका झाडावरून ठरवताच येत नाही. शेजारच्या झाडांशी अरुंद-रुंद वलयांचा क्रम जुळवावा लागतो. ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत बसवली. तो सौरडागांचं चक्र झाडांत शोधत होता, आणि हाती लागलं ते लाकडाची तारीख सांगण्याचं शास्त्र. १९२९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या शो लो इथं सापडलेल्या एका जळक्या तुळईनं जुन्या वस्त्यांच्या लाकडांचा क्रम जिवंत झाडांच्या क्रमाशी जोडला गेला आणि त्या वस्त्यांची वर्षं नेमकी ठरली.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. उत्तरेकडच्या एका जंगलातली पाइनची काडी होती. मी २३१ वलयं मोजली, आकडे भरले, जुळवणी तपासणाऱ्या प्रोग्रामला दिले. त्यानं दाखवलं की बाहेरची काही दशकं छान जुळतात, पण त्याच्या आतलं सगळं एक वर्ष सरकवलं तरच जुळतं. मला वाटलं, प्रोग्रामच चुकतोय. चार दिवस मी ती काडी पुन्हा पुन्हा बघत होते. शेवटी त्याच झाडाची दुसरी काडी काढली. तिच्यात ते वलय होतं, फक्त दोन पेशींच्या जाडीचं. पहिल्या काडीत ते नव्हतंच. मी ती मालिका तशीच पुढे दिली असती तर त्या वर्षाच्या आधीचं प्रत्येक वर्ष एकानं चुकलं असतं. अशा चार-पाच मालिका सरासरीत मिसळल्या की अतिथंड वर्षाची खूण पुसट होत जाते. त्यानंतर मी एकही काडी एकटीच्या भरवशावर पुढे दिली नाही.

तुमचा धागा सुटा करण्याचा प्रश्न. तो मोजताना सुटत नाही, जागा निवडतानाच सुटावा लागतो. झाडाला ज्याची चणचण, तेच वलयात ठळक उमटतं. तुमच्या झाडाला ऊब भरपूर मिळत होती, पाणी कमी पडत होतं. म्हणून पावसाशी ०.३ आणि तापमानाशी शून्याजवळ. तुमची आकडेमोड चुकलेली नाही, ते झाड खरंच बोललं. फक्त ते पावसाविषयी बोललं. तापमान हवं असेल तर डोंगरावर किंवा ध्रुवाकडे जंगल जिथं संपतं त्या काठावर जावं लागतं. तिथं पाणी पुरेसं असतं, कमी पडते ती ऊब. लाकूड घालायला झाडाला जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात, त्यामुळे उन्हाळा दोन अंशांनी गार गेला तर वलयात लगेच दिसतं. ते नातंही उन्हाळ्याच्या तापमानाशी असतं. तुम्ही वार्षिक सरासरी घेतलीत. काठावरच्या झाडाच्या बाबतीतही ती घेतली असतीत तर नातं फिकंच आलं असतं, कारण भर हिवाळ्यात झाड निजलेलं असतं.

यापुढची पायरी मला सगळ्यात नाजूक वाटते. झाड जसं जाड होतं तसा त्याचा घेर वाढतो, आणि तेवढंच लाकूड मोठ्या घेरावर पसरल्यानं वलय बारीक होत जातं. म्हणजे म्हातारपणाचा उतार प्रत्येक मालिकेत असतोच. तो काढून टाकायचा, पण किती काढायचा? वळणदार रेघ प्रत्येक झाडावर घट्ट बसवली तर वयाबरोबर शतकभराचं हळूहळू झालेलं गारठणंही निघून जातं. दोनशे वर्षांच्या झाडाचा उतार त्याच्या स्वतःवरूनच ठरवला, तर पाचशे वर्षांत हळूहळू झालेला बदल त्या झाडांतून दिसू शकत नाही. एड कूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे नीट मांडलं. यावर उपाय असा की सगळ्या झाडांची वलयं कॅलेंडरच्या वर्षानं न लावता वयानं लावायची. पहिलं वलय पहिल्याखाली, पन्नासावं पन्नासाव्याखाली. त्यांच्या सरासरीतून त्या जंगलाच्या वयाचा एकच उतार मिळतो, आणि तोच सगळ्यांना लावायचा. चौदाव्या शतकातलं झाड आणि विसाव्या शतकातलं झाड एकाच मापानं मोजलं जातं, त्यामुळे एखाद्या शतकात सगळीच झाडं वयाच्या मानानं बारीक वाढली असतील तर ते टिकून राहतं. मात्र त्याला पुष्कळ झाडं लागतात, वेगवेगळ्या काळांत जन्मलेली.

निवडीबद्दल तुमची शंका रास्त आहे. जागा आधी ठरवायची, झाडांच्या स्वभावावरून, आणि तिथलं जे जे एकमेकांशी नीट जुळतं ते सगळं ठेवायचं, हा रस्ता स्वच्छ. पण सहसंबंध बघून मालिका वेचल्या तर, तुम्हाला मी काय सांगावं, यंत्रांच्या, म्हणजे थर्मामीटरच्या नोंदींच्या काळात रेघ वर चढते आणि त्याआधीचे चढउतार एकमेकांना खाऊन सपाट होतात. म्हणून कुठलाही आलेख बघताना आधी मालिका कशा निवडल्या ते वाचावं. नातं तपासण्याची रीत मात्र तुमच्याच विषयातली आहे. यंत्रांच्या नोंदी दोन भागांत तोडायच्या. एका भागावर समीकरण बसवायचं, दुसऱ्या भागावर त्याची परीक्षा घ्यायची, मग अदलाबदल. दोन्हीकडे टिकलं तरच मागे जायचं.

अवकाळी:

काष्ठरेषा, लिहिलंय छान, पण खरी गोम राहिली. १९६० नंतर उत्तरेकडची कितीतरी झाडं तापमानाच्या मागे जायचीच थांबली. थर्मामीटर वर, झाडं खाली. जो साक्षीदार आपल्या डोळ्यांसमोर चुकतो, त्याची हजार वर्षांपूर्वीची साक्ष कशी धरायची? आणि तो उतरता भाग आलेखातून कापून टाकल्याचं २००९ मध्ये बाहेर आलेल्या हवामानशास्त्रज्ञांच्या ईमेलमधून सगळ्यांनी वाचलंय.

काष्ठरेषा:

अवकाळी, बरं झालं विचारलंत. मी आधीच लिहायला हवं होतं.

हे खरं आहे. अलास्कातल्या झाडांत जॅकोबी आणि डॅरिगो यांनी १९९५ च्या सुमारास हे दाखवलं. १९९८ मध्ये कीथ ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धातल्या शेकडो जागांच्या नमुन्यांत तेच पाहिलं. ते नमुने रुंदीचे नव्हते, घनतेचे होते, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. सूचिपर्णी झाडाचं हंगामाच्या अखेरचं लाकूड गडद असतं. फ्रिट्झ श्वाइनग्रूबर यांनी त्याच्या पातळ पट्ट्यांचे एक्स-रे काढून घनता मोजायचं मोठं जाळं उभं केलं. उन्हाळा उबदार असेल तर अखेरच्या पेशींच्या भिंती जाड होतात, वलयाची कमाल घनता वाढते. रुंदीत आदल्या वर्षाची आठवण राहते, कारण झाड साठवलेल्या अन्नावर पुढचा हंगाम सुरू करतं. घनता त्या मानानं त्या-त्या वर्षापुरतं बोलते. १६०० साली पेरूमध्ये हुआयनापुतिना ज्वालामुखी फुटला. १६०१ चा उन्हाळा या घनतेच्या नोंदीत सहाशे वर्षांतला सगळ्यात गार निघतो. आमच्याकडच्या नमुन्यांत ते वलय मी नुसत्या डोळ्यांनी ओळखायचे. बाकीच्या वलयांची अखेर तपकिरी, त्याची फिकट. एखादी पेशी तर भिंत पुरती बांधलीच गेली नाही अशी दिसायची. चारशे वर्षांपूर्वीचा एक गार उन्हाळा सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या समोर असतो, याची मला अकरा वर्षांत कधी सवय झाली नाही.

आणि हीच चांगली नोंद १९६० नंतर काही भागांत तापमानापासून सुटते. कारणं अनेक सुचवली गेलीत: ऊब वाढल्यानं आता पाणी कमी पडू लागलं, हवेतल्या कणांमुळे ऊन घटलं, बर्फ उशिरा वितळू लागलं, शिवाय वयाचा उतार काढण्याच्या रीतीनं मालिकेच्या शेवटी येणारा दोष. सगळीकडे लागू पडेल असं एकच कारण नाही. अलास्कातल्या स्प्रूसवर झालेलं एक काम मला फार बोलकं वाटतं. एकाच जागेतली काही झाडं उबेनं जोमानं वाढत होती आणि काही त्याच उबेनं खुंटत होती. सरासरी काढली की दोघांचा आवाज एकमेकांत विरून जातो.

आलेखाबद्दल स्पष्ट सांगते. जागतिक हवामान संघटनेच्या १९९९ च्या अहवालाच्या मुखपृष्ठावर जो आलेख होता, त्यात १९६० नंतरची घनतेची रेघ काढून तिथं यंत्रांची रेघ जोडली होती आणि तसं लिहिलेलं नव्हतं. त्या ईमेलनंतर झालेल्या २०१० च्या चौकशीनं तो आलेख दिशाभूल करणारा ठरवला. शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर त्या चौकशीनं संशय घेतला नाही. ही विसंगती स्वतः ब्रिफांनीच छापून प्रसिद्ध केलेली होती, हेही तितकंच खरं. तरीही मी म्हणते, रेघ जिथं फाटते तिथं ती फाटलेलीच दाखवायला हवी होती. ज्यांनी आयुष्य घालवून त्या काड्या घासल्या-मोजल्या, त्यांच्या कामावर त्या एका जोडानं नको तेवढा संशय आला. याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या साक्षीदाराच्या प्रश्नात तथ्य आहे. आजची ऊब झाडाला नोंदता येत नसेल, तर जुन्या काळातली तितकीच मोठी ऊबही त्यानं कमी दाखवली असेल. ही शंका नुसत्या वलयांनी पुरती मिटत नाही. पण तीन गोष्टी लक्षात घ्या. सगळी जंगलं फाटलेली नाहीत. पुष्कळ जागांची झाडं विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तापमानाबरोबर चढतात. १९६० च्या आधीच्या नोंदींशी फाटणारी आणि न फाटणारी दोन्ही झाडं चांगली जुळतात. आणि वलयं एकटी नसतात. हिमनद्यांचं मागे हटणं, जमिनीत खोल विंधणांतलं तापमान, बर्फाचे गाभे, प्रवाळ यांच्याशी पडताळा घेता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००६ मध्ये हे सगळं तपासलं. विसाव्या शतकाची अखेरची दशकं गेल्या चारशे वर्षांत सर्वाधिक उबदार, असं त्यांनी मोठ्या खात्रीनं सांगितलं. इसवी सन ९०० ते १६०० साठी खात्री कमी आणि ९०० च्या आधी फारच कमी, असंही त्यांनी लिहिलं. मोजपट्टी, वर्गात आलेख दाखवाल तेव्हा मधल्या रेघेइतकंच तिच्या भोवतीच्या करड्या पट्ट्याकडे मुलांचं लक्ष वेधा. मागे जावं तसा तो रुंद होतो. कारण साधं आहे: मागे जावं तशी झाडं कमी होतात.

मोजपट्टी:

चकती पुन्हा काढली. रंधा, गाभा खरंच सरकलेला आहे, आणि मी नेमकी जाड बाजू मोजली होती. आता चार दिशांनी मोजलं: ११२, १०९, ११२, १११. सालीपासून चाळीसएक वलयं आत एक पट्टा आहे, तिथं १०९ च्या बाजूला तीन वलयं एकमेकांत मिसळून संपतात. भिंगाखाली एक रेघ दिसते, आणि बोट फिरवत चकतीच्या दुसऱ्या बाजूला नेलं की तिच्याच चार होतात. हे पाहून मी बराच वेळ नुसता बसून होतो. पावसाच्या नोंदी पाहिल्या तर तिथं लागोपाठ कोरडी वर्षं आहेत. उतार काढून, चार दिशांची सरासरी घेऊन, वार्षिक पावसाऐवजी वाढीच्या हंगामाचा पाऊस घेतला. ०.४४ आलं.

आता मला काठावरच्या झाडांचे आकडे हवेत, मुलांबरोबर स्वतः करून बघायला. ते मिळतात का?

काष्ठरेषा:

०.४४, तेही एकाच झाडावर! फार छान. पण त्या तीन वलयांना आताच वर्षं चिकटवू नका. त्याच भागातलं त्याच जातीचं आणखी एखादं झाड मिळेपर्यंत थांबा.

आकडे मिळतात आणि फुकट मिळतात. हॅरल्ड फ्रिट्स यांनी १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय वृक्षवलय विदापेढी सुरू केली. जगभरातल्या हजारो जागांच्या मोजण्या तिथं झाडागणिक ठेवलेल्या आहेत. उतरवून घेताना तयार सरासरी घेऊ नका, काडीकाडीची कच्ची रुंदी घ्या, म्हणजे वयाचा उतार मुलांना स्वतःच्या हातानं काढता येईल. आर ही संगणकीय भाषा तुम्ही वापरत असाल तर त्यात डीपीएलआर नावाचं पॅकेज नेमकं याच कामासाठी आहे.

सुरुवातीला उत्तर स्वीडनमधल्या टोर्नेट्रेस्क तलावाच्या परिसरातले पाइन घ्या. जिवंत झाडांच्या मागे तलावांत बुडून टिकलेले ओंडके जोडून तिथला क्रम सात हजार वर्षांच्याही मागे गेला आहे. तापमान जून ते ऑगस्टचं घ्या. मुलांना १८१६ हे 'उन्हाळ्याविना वर्ष' म्हणून पाठ असेल, तर आधीच सांगून ठेवा की तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरचा तो गारठा पश्चिम युरोपात आणि ईशान्य अमेरिकेत जास्त होता. प्रत्येक जंगलात तो दिसेलच असं नाही. नाही दिसला म्हणून कुणी वलयं सरकवू नयेत.

वर्गाचे दोन गट करा. एका गटानं प्रत्येक झाडावर वेगळी रेघ बसवून उतार काढायचा, दुसऱ्यानं सगळ्यांना मिळून एकच. पहिल्या गटाचा आलेख सपाट येईल, दुसऱ्याचा शतकाशतकांनी हेलकावे खाईल. दोन्ही एकाखाली एक लावा आणि त्यांच्याखाली तिसरा, कुठल्या वर्षी किती झाडं होती त्याचा. झालं की इथं नक्की टाका. मला दुसऱ्या गटाचा बघायचा आहे, विशेषतः झाडं दहाच्या खाली येतात तिथं त्यांनी काय केलं ते.